सोडणे आणि सुटणे : उतारावरील एका शब्दाचा विचार

आठवीच्या वर्गात इंग्रजीचा पाठ चालला असता एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, "सर, सायकलच्या फ्रीव्हीलला मराठीत काय म्हणतात?" दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, "फ्रीव्हीलच म्हणतात." वर्ग हसला. उत्तर अगदीच चुकीचे नव्हते. सायकल दुरुस्त करणारा कारागीर, सायकलचे सुटे भाग विकणारा दुकानदार आणि सायकल चालवणारा मुलगा, या तिघांच्याही तोंडी तोच शब्द आहे. परकीय वस्तूबरोबर तिचे नावही येते आणि भाषेत रुळते. टेबल, स्टेशन, पेन्सिल हे शब्द तसेच आले, आणि त्यांना आज कोणी परके म्हणत नाही.

परंतु त्या मुलाचा प्रश्न वस्तूपुरता मर्यादित नव्हता. त्याला विचारायचे होते ते असे : पायटे न मारता सायकल उतारावरून आपली आपण जाऊ लागते, कानांत वारा भरतो, पायांना विसावा मिळतो, त्या जाण्याला मराठीत शब्द कोणता? इंग्रजीत त्या वस्तूच्या नावावरूनच क्रियापद झाले आहे, आणि पुढे ते मनाच्या मोकळ्या संचारालाही लावले गेले आहे. मराठीत तसा एक शब्द आहे काय? प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या मागोमाग गेले की यंत्र, व्याकरण, आपल्या भागातील घाट आणि आपले वागणे या सर्वांपर्यंत पोहोचता येते. म्हणून हा लेख.

प्रथम वस्तू पाहू

शब्दाचा अर्थ कळावयाचा असेल तर आधी वस्तू कळली पाहिजे. सायकलच्या मागच्या चाकाच्या मध्यावर एक लहान दातेरी चक्र असते. साखळी त्यावरूनच फिरते. वरून ते एकसंध दिसते, पण आतून ते दोन भागांचे असते. बाहेरचे कडे साखळीबरोबर फिरते. आतला भाग चाकाला घट्ट बसवलेला असतो. बाहेरच्या कड्याला आतल्या बाजूने तिरपे दाते असतात आणि आतल्या भागावर लहान स्प्रिंगच्या जोराने वर उचललेले खटके असतात. आपण पायटे पुढे मारले की दाते खटक्यांना अडतात, दोन्ही भाग एक होतात आणि चाक फिरते. पाय थांबवले की बाहेरचे कडे थांबते; पण चाक फिरतच राहते. त्या वेळी खटके दात्यांच्या तिरप्या पाठीवरून घसरत जातात. उतारावर सायकलचा जो 'टिक् टिक् टिक्' असा गोड आवाज ऐकू येतो, तो या खटक्यांचा.

हे तत्त्व आपल्या वडगावला नवे नाही. वडगाव आणि शहापूर यांची ओळखच मुळी विणकरांची. मागावर विणलेले कापड ज्या दांड्यावर गुंडाळले जाते, त्याच्या टोकाला दातेरी चाक असते आणि त्यात एक खटका अडकलेला असतो. दांडा पुढे फिरतो, मागे फिरत नाही. म्हणून विणलेले कापड ताणलेले राहते. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला किल्ली देताना जो कडकड आवाज होतो, तोही अशाच खटक्याचा. एका दिशेने मोकळीक आणि दुसऱ्या दिशेने अडसर, एवढेच या युक्तीचे सार आहे. आमच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी माग आहे, त्यांनी तो एकदा या दृष्टीने पाहावा. विज्ञानाच्या पुस्तकातील आकृतीपेक्षा त्यातून अधिक उमजेल.

सायकलला ही सोय आरंभापासून नव्हती. फार पूर्वीच्या सायकलींचे पायटे चाकालाच जोडलेले असत. लहान मुलांच्या तीनचाकी गाडीत आजही तसेच असते : चाक फिरले की पायटे फिरलेच पाहिजेत. उतारावर ती गाडी सोडली तर पायटे इतक्या वेगाने गरगर फिरू लागतात की मुलाला पाय वर उचलून घ्यावे लागतात. एकोणिसाव्या शतकात पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे अगदी चिमुकले, अशा ज्या सायकली इंग्लंडात होत्या, त्यांवरील स्वार उतार आला की पाय उचलून हँडलवरून पुढे टाकीत असत. त्यात धोका केवढा, हे सांगावयास नको. अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडन याने १८६९ मध्ये सुट्या चक्राचे पेटंट घेतले होते, पण त्या काळी त्याचा प्रसार झाला नाही. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल आली, तिच्यातून आजची सायकल घडली, आणि १९०० च्या सुमारास फ्रीव्हील सर्रास वापरात आले.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. पायटे चाकाला घट्ट जोडलेले होते तेव्हा पायांनी उलटा जोर देऊन सायकल हळू करता येत असे. स्वाराचे पाय हाच त्याचा ब्रेक होता. फ्रीव्हील आले आणि पाय मोकळे झाले. परंतु त्याच क्षणी पायांचा चाकावरील ताबाही गेला. म्हणून फ्रीव्हीलबरोबर चांगला ब्रेकही सायकलला जोडावाच लागला. मोकळीक वाढली, त्या प्रमाणात आवरण्याचे साधनही वाढवावे लागले. या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या, हा योगायोग नव्हे.

निरनिराळ्या भाषांनी काय पाहिले

आता शब्दांकडे वळू. उतारावरून आपोआप जाण्याला इंग्रजीत आणखी एक शब्द आहे : कोस्टिंग. 'कोस्ट' म्हणजे समुद्रकिनारा हे सर्वांना ठाऊक असते. मग किनाऱ्याचा आणि उताराचा संबंध काय? मूळ लॅटिन शब्द 'कोस्ता', त्याचा अर्थ बरगडी. बरगडीवरून 'कूस' किंवा 'बाजू' हा अर्थ आला. भूमीची बाजू म्हणजे किनारा, आणि डोंगराची बाजू म्हणजे उतरण. उत्तर अमेरिकेत बर्फाने झाकलेल्या अशा उतरणीवरून मुले घसरगाड्या सोडीत, त्या खेळाला हे नाव पडले आणि पुढे ते सायकलींना लागले. म्हणजे इंग्रजी भाषेने या क्रियेत डोंगराची कूस पाहिली.

आमच्या शेजारची कन्नड भाषा काय पाहते? कन्नडमध्ये उताराला 'इळिजारु' म्हणतात. 'इळि' म्हणजे उतरणे आणि 'जारु' म्हणजे घसरणे. उतरणे आणि घसरणे या दोन क्रिया जोडून उतार हे नाम तयार झाले. बालोद्यानातील घसरगुंडीला कन्नड मुले 'जारुबंडे' म्हणतात, त्यातही तोच 'जारु' आहे. म्हणजे कन्नडने पायाखालच्या जमिनीचा गुळगुळीतपणा पाहिला.

आमची मातृभाषा कोंकणी. कोंकणीत उतरण्याला 'देंवप' म्हणतात आणि चढण्याला 'चडप'. घाट देंवप म्हणजे घाट उतरणे. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि समुद्राच्या काठाशी राहणाऱ्या माणसाला चढणे-उतरणे हे रोजचेच. त्याची भाषा त्या दोन शब्दांत फार बोलते. पण सायकल उतारावरून आपोआप जाऊ देण्याची वेळ आली की कोंकणी माणूस एक वेगळेच क्रियापद वापरतो, आणि ते मराठीतही तसेच आहे. ते कोणते, हे सांगण्यापूर्वी मराठीतील इतर उमेदवार तपासून पाहू.

मराठीतील उमेदवार

पहिला उमेदवार 'घरंगळणे'. उतारावरून धोंडा घरंगळतो, हातातून लाडू सुटून घरंगळत जातो. गती आहे, उतार आहे. पण धोंड्याला इच्छा नाही आणि दिशाही नाही. सायकलवरचा मुलगा घरंगळत आला असे म्हटले, तर आपण त्याला उचलायला धावू. 'गडगडणे' त्याहून वाईट. त्यात आपटण्याचा आवाजही आहे. निपाणीच्या बाजारात तंबाखूचे किंवा गुळाचे भाव गडगडले, असे आपण म्हणतो तेव्हा कोणाच्या तरी घरी चिंता शिरलेली असते. 'घसरणे' या शब्दात पाय फसल्याची खूण आहे. 'वाहवत जाणे' यात माणूस प्रवाहाच्या स्वाधीन झालेला असतो.

दुसरा गट 'मोकळा' आणि 'मोकाट' यांचा. 'मोकळा' हा शब्द संस्कृत 'मुक्त' पासून प्राकृतातील 'मुक्क' या रूपाच्या वाटेने आला. तो सुंदर शब्द आहे : मोकळे आकाश, मोकळे मन, मोकळा श्वास. 'मोकाट' मात्र बिघडलेला. मोकाट गुरे, मोकाट कुत्री, मोकाट सुटलेली मुले. या शब्दात नेहमी कोणाची तरी तक्रार ऐकू येते. एक पाऊल इकडे मोकळीक, एक पाऊल तिकडे मोकाटपणा. मधली रेघ भाषेने फार बारीक ओढली आहे.

तिसरा उमेदवार मोठ्या घराण्यातील आहे : 'स्वैर'. याची व्युत्पत्ती मनोरंजक आहे. 'स्व' म्हणजे आपण आणि 'ईर्' या धातूचा अर्थ हलणे, चालणे, गती देणे. जो आपल्याच गतीने चालतो तो स्वैर. संधीच्या साध्या नियमाप्रमाणे अ आणि ई मिळून ए होतो. तेव्हा शब्द 'स्वेर' असा व्हावयास हवा होता. परंतु तो 'स्वैर' होतो, आणि हा अपवाद सांगण्यासाठी कात्यायनाला एक वेगळे वार्तिक लिहावे लागले. जो शब्द आपल्या मर्जीने चालणाऱ्याचे नाव आहे, त्याने संधीचा सामान्य नियमही आपल्या मर्जीने मोडावा, हे पाहून मौज वाटते. पण तो अपवादही व्याकरणकाराने नियमात नोंदवून ठेवला आहे, हेही विसरू नये.

याच 'ईर्' धातूचे आणखी दोन शब्द आपण रोज वापरतो. 'समीर' म्हणजे वारा, कारण तो हालवतो. आणि 'प्रेरणा' म्हणजे पुढे ढकलणारी शक्ती. स्वैर, समीर आणि प्रेरणा ही एका धातूची तीन अपत्ये. उतारावर सायकल सोडणाऱ्या मुलाजवळ ही तिन्ही असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

असे असूनही 'स्वैर' हा शब्द येथे चालत नाही. त्याला फार पूर्वीच नीतीचा डाग लागला. छांदोग्य उपनिषदात केकय देशाचा राजा अश्वपती आपल्या राज्याचे वर्णन करताना, येथे चोर नाही, मद्यपी नाही आणि स्वैर वर्तनाचा पुरुषही नाही, अशा अर्थाचे बोलतो. पुढे 'स्वैराचार' हा शब्द रूढ झाला आणि 'स्वैर' म्हणजे बेबंद असा अर्थ पक्का बसला. केवळ साहित्यात त्याला थोडी प्रतिष्ठा उरली आहे. मूळ ग्रंथाच्या शब्दाशब्दाला बांधून न घेता केलेल्या अनुवादाला आपण 'स्वैर अनुवाद' म्हणतो, आणि त्यात निंदा नसते. असा अनुवाद करणाऱ्याला मूळ ग्रंथ अधिकच चांगला समजलेला असावा लागतो, हे मात्र खरे.

खरा शब्द

मग मराठी मुलगा उतारावर काय करतो? तो सायकल 'सोडतो'. "मी वरपासून खालपर्यंत सायकल सोडली", असे तो घरी येऊन सांगतो. कोंकणी मुलगा हेच 'सोडप' या क्रियापदाने सांगतो. कन्नडमधील 'बिडु' या क्रियापदाचाही अर्थ सोडणे असाच आहे. सीमेवरच्या आपल्या मुलांच्या कानांवर तिन्ही भाषा पडतात, आणि तिन्ही भाषांत हे क्रियापद रोजच्या वापरातले आहे. ध्वनी निराळे, पण हाताची मूठ उघडण्याची कल्पना एकच. एका भाषेचा शब्द दुसरीत शिरला म्हणून आमच्याकडे कधी कधी फार काळजी केली जाते. आम्हांला वाटते, शब्दाचा जन्म कोठे झाला यापेक्षा तो काय पाहतो हे मुलांनी आधी शिकावे. जो विद्यार्थी 'देंवप', 'इळिजारु' आणि 'उतार' हे तिन्ही शब्द जाणतो, त्याने एकच उतार तिन्ही बाजूंनी पाहिलेला असतो. त्यात त्याचे नुकसान काहीच नाही.

'सोडणे' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो, पाहा. पाण्यावर होडी सोडतात, दिवे सोडतात. धरणाचे पाणी कालव्याला सोडतात. धनुष्यावरून बाण सोडतात. घोड्याचा लगाम सैल सोडतात. वासराला गाईकडे सोडतात. पतंगाचा दोर सोडतात, त्याला 'ढील देणे' असाही खास शब्द आहे. या प्रत्येक ठिकाणी एक सोडणारा आहे. इंग्रजीने डोंगर पाहिला, कन्नडच्या 'इळिजारु'ने घसरण पाहिली; 'सोडणे' या शब्दाने मात्र माणसाचा हात पाहिला.

आता या क्रियापदाचे भावंड पाहा : 'सुटणे'. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. पहिल्या क्रियापदात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. ट चा ड होतो, उ चा ओ होतो, आणि तेवढ्याने सगळी जबाबदारी बदलते. "काच फुटली" असे मूल सांगते, "काच कोणी फोडली?" असे आई विचारते. प्रत्येक घरात घडणारा हा संवाद म्हणजे अकर्मक आणि सकर्मक यांचा उत्तम पाठ आहे.

तसेच येथेही. "मी सायकल सोडली" आणि "माझी सायकल सुटली" या दोन वाक्यांत दोन अक्षरांचा फरक आहे; पण पहिल्या वाक्यातला मुलगा घरी येऊन चहा पितो आणि दुसऱ्या वाक्यातल्या मुलाला दवाखान्यात नेतात. 'सुटणे' सदैव वाईट असते असे नाही. कोडे सुटते, बंदिवान सुटतो, आणि शाळा सुटते तेव्हाचा आनंद तर आम्ही वर्णन करण्याची आवश्यकता नाही. परंतु वेगात असलेली वस्तू हातातून सुटली, की ती गोष्ट निराळी.

उतार काय करतो

सोडलेली सायकल सुटते केव्हा? याचे उत्तर गॅलिलिओच्या प्रयोगांत आहे. त्याने उतरत्या फळीवरून गोळे सोडून त्यांची गती मोजली आणि आपले निष्कर्ष १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. घर्षण आणि वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवला, तर उतारावरून खाली आलेल्या वस्तूचा वेग ती किती उंचीवरून आली यावर ठरतो. हिशेब सोपा आहे. ५ मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या वस्तूला तासाला सुमारे ३५ किलोमीटर वेग येतो. १० मीटर उंचीवरून सुमारे ५०. आणि २० मीटर उंचीवरून सुमारे ७०. प्रत्यक्षात वारा आणि घर्षण यांमुळे तो काहीसा कमी भरतो. परंतु वेग दुप्पट झाला की ब्रेकला शोषावी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि थांबण्यास लागणारे अंतरही जवळजवळ चौपट होते. उताराच्या माथ्यावर ब्रेक तपासणे दोन मिनिटांचे काम आहे. मध्यावर गेल्यावर ते तपासण्यास वेळ उरत नाही. हात सोडून सायकल चालवण्याची हौस असणाऱ्यांनी हा हिशेब एकदा वहीत करून पाहावा. ब्रेक हाताजवळ असतात, आणि हात तर त्यांनी सोडलेले असतात!

आपण बेळगावकर पठारावरची माणसे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आपले गाव आहे. पश्चिमेकडे कोठेही निघालो तरी घाट उतरल्याशिवाय गत्यंतर नाही : सावंतवाडीकडे आंबोली, गोव्याकडे चोर्ला आणि अनमोड. उत्तरेकडे निपाणीजवळ महामार्गावर तवंदीचा घाट आहे. म्हणून उतारावरील शब्दांचा विचार हा आपल्यासाठी केवळ भाषेचा विषय नाही.

कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा लोहमार्ग पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधलेल्या या मार्गाचा चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर खाली येते. डोळ्यांना हा उतार किरकोळ वाटेल. पण रुळांवर पोलादी चाकांना घर्षण इतके थोडे असते, की एवढ्या उतारावर मोकळा डबाही आपोआप धावत सुटेल. म्हणून तेथे दूधसागराच्या शेजारून गाडी उतरते ती सतत आवरत उतरते. अशा घाटमार्गांवर चढाकडे वळवलेला एक आंधळा फाटाही ठेवतात. ताबा सुटलेली गाडी त्यावर वळवली की चढावर तिचा वेग आपोआप संपतो. ज्या उताराने वेग दिला, त्याच्या उलट चढानेच तो काढून घ्यावयाचा, अशी ही युक्ती.

बैलगाडीला फ्रीव्हील नसते आणि इंजिनही नसते. उसाने भरलेली गाडी उतारावर आली की ती 'बैलांच्या अंगावर येते', असे आपले शेतकरी म्हणतात. बैल मान मागे रेटून तिला थोपवून धरतात. चढावर ओढण्याइतकेच कष्ट उतारावर धरण्याला पडतात, हे गाडीवान जाणतो.

मोटार चालवणाऱ्यांना मात्र याचा कधी कधी विसर पडतो. घाट उतरताना इंधन वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, काही जण तर इंजिनही बंद करतात. यात बचतीपेक्षा घात अधिक. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच चाकांना आवरून धरते. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापले की पकड सोडतात. मोठ्या वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि तो दाब इंजिनवर चालणारे यंत्र भरीत असते. इंजिन बंद, की नवी हवा बंद. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांत उतारावर गिअर न काढता पाय उचलला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. म्हणजे न्यूट्रलने वाचते ते काहीच नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ एका मालट्रकने उतारावर चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाला नव्हता, तर चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये आणली होती, असे तपासणीनंतर अधिकाऱ्यांनी सांगितले. तो रस्ता म्हणजे आपल्या निपाणी-बेळगाववरून बंगळूरला जाणारा महामार्गच. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आहे. ज्यांच्या घरी मोटार किंवा ट्रक आहे, त्या मुलांनी हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

आकाशातील आणि मनातील उतार

मोकळ्या गतीचे सर्वांत सुंदर उदाहरण आकाशात पाहावयास मिळते. दुपारी ऊन तापले की घार पंख पसरून, ते न हलवता, वर्तुळे घेत वर वर जाते. पाहणाऱ्याला वाटते, ही काहीच करीत नाही. खरे पाहता ती हवेत सतत खालीच येत असते. परंतु तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात ती असते, आणि तिच्या उतरण्यापेक्षा हवेचे चढणे अधिक असते. हा स्तंभ शोधणे आणि त्यातून बाहेर न पडणे, हेच तिचे कौशल्य. शेपटीच्या किंचित हालचालीने ती सारखी दिशा सांभाळत असते. तिने पंख सोडले आहेत, पण स्वतःला सोडलेले नाही.

मनाच्या बाबतीतही मराठीने चांगले शब्द केले आहेत. एखाद्या विषयावर मोकळेपणाने, पण अनुभवाच्या बळावर केलेल्या बोलण्याला आपण 'मुक्तचिंतन' म्हणतो. मित्रांच्या बैठकीत 'मनमोकळ्या गप्पा' होतात. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांनी मराठीत रुजवलेला लघुनिबंध असाच. वाचताना वाटते, लेखक उगीच इकडून तिकडे चालला आहे. पण त्यामागे वाचनाचा आणि चिंतनाचा मोठा चढ आधी चढून झालेला असतो. जो कधी चढलाच नाही त्याला उतरणीचे सुख कोठून मिळणार? जडत्वाचा नियम न्यूटनने १६८७ मध्ये मांडला : गतिमान वस्तू बाहेरून अडथळा येईपर्यंत गतिमान राहते. पण पहिली गती कोणीतरी द्यावीच लागते. वर्षभर अभ्यास करणारा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक मिटून फिरावयास जातो, तो आपल्या गतीवर चाललेला असतो. ज्याने वर्षभर पुस्तक उघडले नाही तोही त्याच संध्याकाळी फिरतो. दोघे एकाच रस्त्यावर दिसतात. पण एकाने पुस्तक सोडले आहे, आणि दुसऱ्याच्या हातून ते सुटले आहे.

तेव्हा त्या आठवीतल्या मुलाच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. वस्तूला 'फ्रीव्हील' म्हणावे. तो शब्द आता आपलाच आहे. कोणाला संस्कृत शब्दच हवा असेल तर 'मुक्तचक्र' म्हणावे. क्रियेला मात्र नवा शब्द घडवण्याची गरज नाही. 'सोडणे' हा शब्द लहान, घरगुती आणि पुरेसा आहे. त्याचा उपयोग पुढील वाक्यांवरून ध्यानात ठेवावा : उतार पाहून त्याने सायकल सोडली. वारा पाहून नावाड्याने शीड सोडले. मुलाची समज पाहून वडिलांनी त्याला शहरात शिकावयास सोडले. तिन्ही वाक्यांत 'पाहून' हा शब्द आहे. तो गाळला तर व्याकरण बिघडत नाही. पण त्या वाक्यांतील सायकल, नाव आणि मुलगा यांचे काय होईल, ते सांगता येत नाही.